कॅपचा तुकडा उडाला की

"डॉक्टर, कॅप घट्ट आहे, एवढासाच टवका उडालाय, तेवढा चिकटवून द्या की" असं म्हणणारा पेशंट आठवड्यातून एकदा तरी येतोच. पुढच्या दाताची मेटल सिरॅमिक कॅप, कडेचं सिरॅमिक निघालेलं आणि आतला करडा धातू दिसतोय. आता कॅप काढायची तर कापूनच काढावी लागते, मग परत माप, परत लॅब, परत खर्च, म्हणून खाली कीड नसेल तर मलाही तोंडातच कॉम्पोझिटने (दाताच्या रंगाचं रेझिनचं फिलिंग) रिपेअर केलेलं बरं वाटतं.

पण धातू म्हणजे इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, नव्हे. इनॅमलवर फॉस्फोरिक ॲसिडने बारीक खाचा पडतात आणि रेझिन त्यात घुसून बसतं, धातूवर तेच ॲसिड लावून फार तर सफाई होते. १९७३ साली रोशेट नावाच्या डेंटिस्टने दातांना चिकटवायच्या धातूच्या पट्टीला चक्क आरपार भोकं पाडली होती रेझिन अडकावं म्हणून, नंतर मेरीलँड विद्यापीठात लिव्हाडिटिस आणि थॉम्पसन यांनी धातू विजेने एच केला, म्हणजे त्यावर बारीक खाचा पाडल्या, आणि शेजारच्या दातांना मागून चिकटवतात त्या मेरीलँड ब्रिजचं नाव तिथूनच आलं.

आता ते सगळं करत बसावं लागत नाही. रबर डॅम (दात कोरडा ठेवणारा रबराचा पडदा) लावायचा आणि ५० मायक्रॉनच्या ॲल्युमिनाच्या पावडरीचा फवारा मारून तोंडातच सँडब्लास्ट करायचं, चकचकीत धातू मॅट दिसायला लागला की झालं, आणि त्यानंतर तिथे थुंकीचा थेंबही लागता कामा नये. मग एमडीपी हा मोनोमर (रेझिनशी जोडला जाणारा रेणू) असलेला मेटल प्रायमर, म्हणजे चिकटण्याआधी लावायचं द्रव. त्याचं फॉस्फेटचं टोक धातूवरच्या ऑक्साइडला धरतं, दुसरं टोक रेझिनसोबत सेट होतं. निकेल-क्रोम, कोबाल्ट-क्रोमवर हे मस्त चालतं. सोन्याच्या मिश्रधातूवर तसा ऑक्साइडच नसतो, तिथे गंधकवाला मोनोमर लागतो, आणि कॅप दुसरीकडे बसवलेली असेल तर धातू कुठला हे पेशंटला कुठून माहीत असणार, म्हणून मी दोन्ही असलेलाच प्रायमर ठेवते. सायलेन, म्हणजे सिरॅमिकला रेझिन जोडणारं द्रव, फक्त उरलेल्या सिरॅमिकसाठी, ते नुसत्या धातूवर चोपडून काही होत नाही (तरी लोक चोपडतात!).

मग ओपेकर, म्हणजे धातूचा रंग झाकणारं अपारदर्शक रेझिन, अगदी पातळ थर आणि प्रत्येक थर लाइटने वेगळा क्युअर (कडक), कारण जाड लावला तर लाइट खालपर्यंत पोचतच नाही. नाही लावला तर कॉम्पोझिटमधून करडी छटा डोकावते. वर शेडचं कॉम्पोझिट.

शेवटी बाइट, म्हणजे वरखालचे दात कसे टेकतात ते, नीट बघायचा, कारण टवका बऱ्याचदा तिथेच उडालेला असतो जिथे समोरचा दात आपटतो, आणि रात्री दात खाणारा पेशंट असेल तर मी आधीच सांगते की रिपेअर करून देते, पण गॅरंटी मागू नका.