वाळूला गाळणी का पुरत नाही?

“तेल-गॅसच्या विहिरीत वाळू येते? मग गाळणी लावा नि मोकळे व्हा!” सुट्टीत गुहागरला आलो की हे ऐकायला मिळतंच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

आपल्या समोरच्या समुद्रातल्या मुंबई हायचा मुख्य साठा चुनखडीत आहे, तिथे ही कटकट कमी. माझी नोकरी पूर्व किनाऱ्यावरच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातली, भुसभुशीत वाळूच्या थरातली.

पुळणीवर पोरं किल्ला करतात. ओल्या वाळूचा बुरूज उभा राहतो, भरतीचं पाणी शिरलं की बसतो. कणांना धरून ठेवतो तो त्यांच्यामधला जेमतेम ओलावा. थरातही तेच. विहिरीत पाणी यायला लागलं की कण सुटतात. शिवाय केसिंगच्या, म्हणजे विहिरीत बसवलेल्या पोलादी नळीच्या, भोकांभोवती कणांची आपोआप एक कमान बनलेली असते; चोक, म्हणजे प्रवाह कमी-जास्त करणारी झडप, घाईने उघडला की तीही ढासळते. मी एकदा वरच्यांच्या आग्रहाखातर तसा उघडला होता. पुढे सेपरेटरच्या, म्हणजे तेल, गॅस नि पाणी वेगळं करणाऱ्या टाकीच्या, तळातून घमेली भरून वाळू काढली.

वाळू आली हे कळतं कानाने. पाइपच्या पहिल्या वळणापुढे बाहेरून सेन्सर बांधतात. वळणावर आपटणाऱ्या कणांचा आवाज, जो माणसाला ऐकूच येत नाही, तो पकडतो. पण गॅस आणि थेंबांच्या आवाजालाही फसतो लेकाचा! म्हणून मोजलेली वाळू मुद्दाम सोडून त्याला आधी ओळख करून द्यावी लागते. बाटलीत नमुना घेऊन सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून वाळू वेगळी करणाऱ्या यंत्रात, फिरवतातही, पण वाळू झटक्याझटक्याने येते. बाटलीला नेमका तो झटका सापडेलच असं नाही. आणि उशीर परवडत नाही, कारण प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की पाइपची झीज साधारण सहापट होते. गॅसच्या विहिरीत वळणाला आरपार भोक पडू शकतं.

आता तुमची गाळणी. बारीक घेतली तर गाळाने तुंबते नि उत्पादन बसतं, मोठी घेतली तर वाळू निसटते. म्हणून थरातल्या मधल्या मापाच्या कणाच्या पाच-सहापट जाडीची निवडलेली रेती गाळणीभोवती ठासून भरतात. रेती वाळूला अडवते, गाळणी रेतीला. बोअरवेलच्या केसिंगभोवती तुम्ही खडी ओतता ना, तीच युक्ती, फक्त फार खोल.

तरीही रात्रपाळीला सेन्सरचा आकडा चढलाच, तर विहीर धाडकन बंद करायची नाही. त्या हिसक्यानेही कण सुटतात. चोक थोडा आवळायचा, आकडा बघायचा, पुन्हा थोडा आवळायचा. बरोबर चहाचा थर्मास हवा.