वारीनंतरचे दोन दिवस, सोलापुरात

पहाटे तीनला जाग आली. काकडा नाही, टँकरपाशी बादल्यांचा खणखणाट नाही, "उठा माऊली" म्हणत राहुटीवर कुणी हात आपटत नाही. अंधारात माझे हात आपोआप वळकटीकडे गेले. मग लक्षात आलं की आपण सोलापुरात, मावसबहिणीच्या घरी गादीवर झोपलोय. काल गोपाळपूरचा काला झाला, पंढरपूरहून एसटीने मोहोळमार्गे इथे आलो. आज मुक्काम हलवायचा नाही.

ती शांतता मला सोसवेना. समाज आरतीच्या वेळी चोपदारांनी दंड वर केला की सगळे टाळ एकदम थांबतात, ती शांतता भरलेली असते, अंगावर काटा येतो. इथे नुसता पंखा फिरत होता.

अठरा दिवसांनी दार लावून, कढत पाण्याने आंघोळ केली. पाणी संपेल म्हणून कुणी हाका मारत नव्हतं. मी बराच वेळ रडले. दुःख नव्हतं, सुख म्हणावं तर तेही नव्हतं.

ताईने दोन दिवस आखूनच ठेवले होते. आज सिद्धेश्वर आणि किल्ला, उद्या चीनमध्ये रुग्णसेवा करणाऱ्या डॉ. कोटणीसांचं घर, चार हुतात्मा चौक, चादरी, शेंगाचटणी. "तुझे पाय दुखत असतील, स्कूटरवरून नेते," म्हणाली. तिने चांगुलपणाने म्हटलं आणि मला राग आला. रस्त्यावरून माझ्याआधी कुणी ठरवून मला नेतंय, हेच नको होतं. मी म्हटलं, "मी चालत येते." ती म्हणाली, "सिद्धेश्वर कुठे आहे ते तरी माहीत आहे का तुला?" माहीत नव्हतं. तरी चालतच गेले, विचारत विचारत. ती गाडी हळूहळू चालवत बाजूने येत राहिली. दोघीही बोलत नव्हतो.

चालताना उजव्या टाचेतला दोरा जाणवत होता. त्याचं सांगायला हवं.

लोणंदला पावसात भिजलेले मोजे तरडगावला वाळले नाहीत, मी तसेच बुटात घातले. तरडगाव ते फलटण चाल मोठी, आणि त्या दिवशी ढगांचा मागमूस नव्हता. दुपारपर्यंत टाच पेटली. दिंडीची ओळ मोडू नये म्हणून मी टाळ वाजवत चालत राहिले, पण अभंग तोंडात येईना. पुढची बाई मध्येच थांबून मोबाइलवर फोटो काढायची आणि मागची रांग अडायची. मला तिचा इतका राग आला की नामही सुटलं. वारीत मन असं वागतं याची मला फार लाज वाटली, आणि लाजेने आणखी राग आला.

विसाव्याला बाभळीच्या अर्ध्या सावलीत टेकले. शेजारच्या दिंडीतल्या एक आजी, परभणीकडच्या, न विचारता समोर बसल्या. माझा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. मी मागे ओढला, तर म्हणाल्या, "न्हाई माय, राहू दे." बूट काढला, मोजा सोलून काढला. फोड रुपयाएवढा, पाण्याने टम्म. आजींनी कमरेच्या चंचीतून सुई काढली, सुईत पांढरा दोरा ओवला, काडी पेटवून सुईचं टोक तापवलं. फोडाच्या एका कडेने सुई घालून दुसऱ्या कडेने काढली आणि दोरा आतच ठेवून दोन्हीकडे बोटभर टोकं सोडली. पाणी दोऱ्यावरून थेंबाथेंबाने गळायला लागलं. वर हळद दाबली. कातडी फाडायची नाही, दोरा ओढायचा नाही, वाळला की आपला गळतो, असं बजावलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या पायाला धावायची सवय हाय. चालायची न्हाई."

मी त्यांना नाव विचारलं नाही. त्यांनीही माझं विचारलं नाही. "माऊली" म्हटलं की काम भागतं ना. बूट पिशवीत टाकले, फलटणला पट्ट्याची साधी चप्पल घेतली आणि तिच्यावर पंढरपूर गाठलं. बरडला त्या दिसल्या, भंडीशेगावला लांबून दिसल्या. वाखरीच्या रिंगणात मी घोड्यापेक्षा त्यांनाच शोधत होते. चंद्रभागेच्या गर्दीत त्यांची दिंडी पांगली आणि माझीही. एकादशीला कळसाचं दर्शन घेतलं, नामदेव पायरीला हात लावला. पदस्पर्शाच्या रांगेत उभी राहिले नाही. टाचेने ऐकलं नसतं.

तर सिद्धेश्वर. तळ्याच्या मधोमध देऊळ, पाण्यावरून वारं येत होतं. आवारात सिद्धरामेश्वरांची समाधी. बाराव्या शतकातले हे शिवशरण, म्हणजे शिवभक्त संत, त्यांची वचनं कानडीत. गळ्यात तुळशीची माळ घेऊन मी गाभाऱ्यापुढे उभी राहिले आणि परकं काही वाटलं नाही. भोवती तेलुगू, कानडी, मराठी सगळं ऐकू येत होतं. एका खांबापाशी पाठमोरी आजी बसलेली दिसली, तसंच इरकली लुगडं, तशीच वाकलेली पाठ. मी दोन पावलं भराभर गेले. त्या नव्हत्या.

ताई बाहेर दगडी पायरीवर बसली होती. मी शेजारी बसल्यावर ती तळ्याकडे बघत सांगायला लागली. सिद्धरामेश्वरांनी नगराभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, निघतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करत फिरतात, दुसऱ्या दिवशी अक्षता सोहळा. "लहानपणी आईबरोबर मी नंदीध्वजामागे अनवाणी फिरायचे. पाय भाजायचे. आई म्हणायची, रडायचं नाही, सिद्धरामेश्वर बघतोय."

इतक्या वर्षांत मी तिला हे कधी विचारलं नव्हतं. सकाळपासून मला वाटत होतं, चालणं काय असतं ते हिला कळायचं नाही.

किल्ला शेजारीच. बहामनी काळातला भुईकोट, एकात एक दोन तट. आत बाग आहे, पोरं खेळत होती. आम्ही तटाच्या सावलीत भाजलेल्या शेंगा खाल्ल्या. पुष्कळ वेळ बोललो, मुख्यतः मावशीबद्दल.

दुसऱ्या दिवशी कोटणीसांचं घर बघून चार हुतात्मा चौकात गेलो. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. रहदारी इतकी की नीट नमस्कारही करता येईना. मी चप्पल काढून हात जोडले आणि परत घालताना पट्टा तुटला.

नवी पेठेच्या कोपऱ्यावर एक चांभारमामा बसले होते. चप्पल हातात घेऊन त्यांनी आधी उलटी केली, तळावरून अंगठा फिरवला.

"वारीहून आलाव काय, आक्का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"डावी जास्त झिजलीय बघा, बाहेरच्या अंगाला. उजव्या पायाला काय झालतं?"

मी टाच दाखवली. दोऱ्याचं टोक बघून ते हसले. "हां. जुन्या माणसानं केलंय हे." पट्टा आरीने टोचून दुहेरी शिवला, डाव्या टाचेला रबर चिकटवून रापीने कडा उतरवल्या, फरशीवर ठेवून चप्पल सरळ बसते का ते वाकून पाहिलं. सरळ बसेपर्यंत दोनदा कातरलं. किती झाले विचारलं तर म्हणाले, "रबर इकत आणलंय, त्याचे तीस द्या. शिवणीचे नको." मी आग्रह केला. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा बूट हातात घेतला. मी वाकले, तर ते गडबडीने माझ्या पायांकडे वाकले. दोघांची डोकी जवळजवळ आपटली. ताई बाजूला उभी राहून डोळे पुसत होती.

रात्री पाय धुताना दोरा हातात आला. न दुखता. वाळलेला, हळदीने पिवळा, बोटभरापेक्षा थोडा मोठा. ताई म्हणाली, टाकून दे, जंतू असतात. मी धुऊन पुसून बुक्क्याच्या डबीत ठेवला. तिने पुढे काही म्हटलं नाही, डबीचं झाकण मात्र तिनेच घट्ट लावलं.

पुण्याला परतायचं हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट होतं, ती सकाळीच सुटते. मी म्हटलं, स्टेशनपर्यंत चालत जाईन. ती म्हणाली, "मीही येते."

अजून उजाडायचं होतं. माझी पिशवी तिने खांद्याला लावली होती, माझ्याकडे वळकटी आणि टाळ. रस्त्यात दुधाच्या गाड्या आणि झाडणाऱ्या बायका, बाकी कुणी नाही. मला गाडी चुकण्याची भीती वाटायला लागली आणि पावलं आपोआप उचलली गेली. मागून ताईने हाक मारली.

"अगं, जरा हळू चाल. वेळ आहे."

मी थांबले. ती आली, आणि मग दोघी बरोबर चालायला लागलो.