वाफसा

दुपारच्या बातम्यांत खाली पट्टी सरकत असते: 'वाफसा नसल्याने पेरण्या खोळंबल्या'. वर हिंदमाताचं गुडघाभर पाणी. वाफसा हे एखाद्या खताचं नाव असेल आणि ते संपलं असेल, असं समजून मुंबईकर चहाकडे वळतो.

पाऊस पडला की पेरणी, हे आपलं शहरी शेतीशास्त्र. शेतात पाऊस नुसता पडून भागत नाही, थांबावाही लागतो. जादा पाणी निथरून गेलं, बारीक पोकळ्यांत ओल राहिली, मोठ्या पोकळ्यांत हवा शिरली, की वाफसा आला. पाहायची रीत सोपी. चार-सहा बोटं खालची माती मुठीत दाबून गोळा करायचा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. फुटून विखुरला तर तिफण, म्हणजे पेरणीचं तीन फणांचं अवजार, जुंपा. थापला जाऊन चपटा बसला तर घरी जा. गोळाच वळला नाही तर उशीर झाला.

ते घरी जाणंच अवघड. हलकं मुरमाड रान एका उघडिपीवर तयार होतं; भारी काळी जमीन तीन-चार दिवस बसवून ठेवते, तेवढ्यात पुढची सर येते. घाईनं ओल्यात तिफण घातली तर फणाला चिखल धरतो, बी सोडणाऱ्या नळ्यांची तोंडं बुजतात, आणि चाड्यावर, म्हणजे नळ्यांवरच्या बियाण्याच्या वाटीवर, मूठ धरणारा रिकामंच तास पेरत जातो. उमगतं आठवड्यानं, उगवणीत. माती भुसभुशीत करायला कुळव घातला तर तुकतुकीत ढेकळं निघतात, ऊन लागलं की दगड.

पेरणीआधी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस हवा, असा कृषी खात्याचा सल्ला असतो. सांताक्रूझला तेवढा एका सकाळीत होतो, लोकल बंद पडते. पण एका सकाळीतला पाऊस रानाच्या काय कामाचा? तो बांध फोडून ओढ्याला जातो. चार दिवसांत मुरत यायला हवा. म्हणून 'ओल किती गेली?' याचं उत्तर वितीत देतात.

शेजारच्या रायगडात भर पावसाळ्यात वाफशाला कोण विचारतो! भाताची चिखलणी म्हणजे पाणी जिरू नये म्हणून मातीची घडण मुद्दाम मोडणं. तिथं वाफसा आठवतो भात कापल्यावर. खाचराच्या अंगओलीवर वाल पेरतात. ओल जास्त असेल तर बी कुजतं. उशीर झाला तर माती आवळून भेगाळते, बी उगवत नाही. गिरगावात मात्र वाद असतो तो बिरड्यात गूळ किती, यावर.

आणि बाल्कनीतली तुळस पिवळी पडते, कारण तिला रोज न चुकता तांब्याभर पाणी मिळतं. बोट घालून बघा, वरची दोन पेरं कोरडी होईतो थांबा. थांबवत नाही, ते खरंच.