नदी शूट करताना कॅमेरा कुठे ठेवायचा

मागे आमच्या सिनेमावेड्या ग्रुपमध्ये ठरलं, प्रत्येकाने नदीवर दोन मिनिटांची क्लिप करून आणायची, बाकी अट काही नाही. आठ जणांच्या आठ क्लिप आल्या आणि त्यातल्या सहांमध्ये सूर्यास्त. माझ्यातही होता, लपवत नाही. ड्रोनमधून दिसणारं वळण, पाण्यावर सोनेरी चमक आणि वर बासरी. लाइनीने बघितल्यावर कुठली कोणाची तेही कळेना.

मग एका मैत्रिणीची लागली. एक बाई कपडे धुतेय, कॅमेरा जेमतेम तिच्या गुडघ्याच्या उंचीवर. पाण्याखाली तिचा पाय दगड चाचपतोय, एक डुगडुगतो म्हणून सोडला, दुसऱ्यावर टाच रोवली आणि मगच हातातलं कापड आपटलं. दोन मिनिटांत तिने नदीकडे एकदाही बघितलं नाही, शेजारणीशी तोंड चालू, नजर कपड्यावर, नदीचं काय ते पाय बघून घेत होता. आमचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

तेव्हापासून मला खोडच लागलीये, नदीवरचा सिनेमा लावला की गोष्ट राहते बाजूला आणि मी आधी बघतो की कॅमेरा कुठे उभाय. वर आकाशात, काठावर, की पाण्यात पाय सोडून.

आता अमेरिकन सरकारने पेअर लॉरेन्ट्झकडून करून घेतलेली 'द रिव्हर' घ्या, १९३७ सालची, जेमतेम अर्ध्या तासाची, मिसिसिपीवरची डॉक्युमेंटरी. जंगलं तोडली, माती वाहून गेली, पूर आले, असा सगळा हिशोब आहे, आणि त्या वर्षीच्या जानेवारीतला मोठा पूर तर त्यांना प्रत्यक्षच कॅमेऱ्यात मिळाला. निवेदनात नद्यांची नावं एकामागून एक मंत्रासारखी येतात, अंगावर काटा येतो खरंच. पण काठावरचा माणूस स्वतः तोंड उघडून काही बोलत नाही, सगळं निवेदकच बोलतो, आणि शेवटी उपाय म्हणून टेनेसी खोऱ्यातली धरणं येतात. म्हणजे नदी हा एक प्रॉब्लेम, तो सोडवायचा. मग १९६० मध्ये अमेरिकन दिग्दर्शक एलिया कझानने त्याच टेनेसी खोऱ्यातल्या धरणावर 'वाइल्ड रिव्हर' केला, त्यातली म्हातारी नदीतलं आपलं बेट सोडायला तयारच नाही. धरण तसंच, पण आता कॅमेरा तिच्या ओसरीवर, आणि एवढ्यानेच सगळं बदलतं. पुराने माणसं मरतात हे कझानही लपवत नाही, त्यामुळे आपण धड कुणाच्याच बाजूने राहत नाही, आणि मला ते फार आवडलं.

पण खरं डोक्यात बसलंय ते चिनी दिग्दर्शक जिया झांगकेच्या 'स्टिल लाइफ'मधलं. २००६ चा सिनेमा, व्हेनिस फेस्टिव्हलला गोल्डन लायन, म्हणजे तिथला सगळ्यात मोठा पुरस्कार मिळालेला. चीनमधल्या यांगत्से नदीवरच्या थ्री गॉर्जेस धरणापायी फेंगजी नावाचं जुनं शहर पाण्याखाली जाणार म्हणून पाडताहेत, आणि पाडणारे मजूर दिवसभर घण घालताहेत. या धरणाने दहा लाखांवर माणसं हलवली, पण तो आकडा सिनेमा तुमच्या तोंडावर फेकत नाही, नुसतं दाखवतो की पाणी कुठपर्यंत चढणार त्याची खूण आधीच रंगवून ठेवलीये. आणि एक सीन आहे, एक मजूर दहा युआनची नोट दाखवतो, तिच्यामागे याच नदीतल्या घळीचं चित्र आहे, नायक मग तशी नोट हातात धरून समोरच्या डोंगरांशी ताडून बघतो. बस, एवढंच. सरकारने नदी छापलीये नोटेवर, आणि नदीकाठचा माणूस ती नोट मिळवायला तिथलीच घरं पाडतोय. मी हा सीन तीनदा मागे नेऊन बघितला.

ऋत्विक घटकचा 'तिताश एकटि नदीर नाम' (१९७३) हा बंगाली सिनेमा बघणार असाल तर झोप नीट झालेली असताना बघा, मोठा आहे आणि मध्येमध्ये सुटतो हातातून. मालो कोळ्यांची गोष्ट, नदी आटते तसं त्यांचं सगळंच आटत जातं. शेवटी एक बाई कोरड्या पात्रात हाताने वाळू उकरून पाणी काढते. आमच्या सोनेरी चमकवाल्या क्लिप मला नेमक्या तिथे आठवल्या आणि ओशाळायला झालं.

आवाजाचं एक राहिलंच. नदीचा आवाज रेकॉर्ड करून बघा एकदा, माइकमध्ये निम्मा वारा, उरलेलं कुणाचं तरी खाकरणं, लांबची मोटर, आणि मोठी संथ नदी तर जवळजवळ गप्पच असते. सिनेमातला तो खळखळाट पुष्कळदा नंतर एडिटला चढवलेला असतो. आम्ही बासरी का टाकली होती ते आता कळलं.

तर मी परत गेलो, ड्रोन घरी ठेवून. पाण्याजवळ ट्रायपॉड लावतोय तोवर मागून एक आजोबा ओरडले, "अहो, तिथं नका उभे राहू, शेवाळ आहे. इकडं या, ह्या दगडावर." आले, काठीने दगड ठोकून दाखवला, मग पलीकडचा दाखवला, तो पावसाळ्यानंतर सरकलाय म्हणे, आधी इथं होता. रेकॉर्डिंग चालू होतं हे मला घरी येऊन कळलं. फ्रेममध्ये माझे बूट, त्यांची काठी आणि कोपऱ्यात हातभर पाणी, चाळीस सेकंदांची क्लिप. ग्रुपवर तीच टाकली. एकाने विचारलं, नदी कुठाय यात?