जत्रा झाली पण फेरी भरलीच नाही

गोव्यातल्या आमच्या गावच्या जत्रेला यंदा नौबत वाजली, पालखी निघाली, बायकांनी ओट्या भरल्या, रात्री मंडपात नाटकपण झालं, पण फेरी, म्हणजे जत्रेतला दुकानांचा बाजार, भरली नाही. म्हणजे भरायला लागली होती खरं तर, आदल्या संध्याकाळी पाचच्या सुमारास कागद आला की परवानगीचा वाद कोर्टात आहे, पुढचा आदेश येईपर्यंत रस्त्यालगत दुकानं मांडू नका. तोवर निम्म्या लोकांचे बांबू रोवून झाले होते, ताडपत्र्या बांधून झाल्या होत्या.

पिंपळाच्या उजव्या हाताला बसणारी खाजेवाली मावशी, मी शाळेत असल्यापासून तिची तीच जागा. सकाळीच केलेलं खाजं होतं तिच्याकडे, आल्याचा वास लांबूनच येत होता, गुळाचा पाक अजून बोटाला चिकटत होता. पदराच्या गाठीतून तिने गेल्या वर्षीची सोपोची, म्हणजे दुकानाच्या जागेच्या कराची, पावती काढून दाखवली, घड्या घालून घालून मधोमध फाटलेली. जागेचा एवढाच पुरावा तिच्याकडे. "बाय, आतां हें खाजें हांव खंय व्हरूं?" हे खाजं आता कुठे नेऊ, असं तिने विचारलं आणि मला काही उत्तर देता आलं नाही. गोव्याच्या खाज्याला जीआय टॅग, म्हणजे हे इथलंच असा सरकारी शिक्का, मिळाला तेव्हा आम्ही सगळ्यांनी किती कौतुकाने फोटो टाकले होते.

त्या रात्री गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसती आग. आमच्याच देवाच्या सणावर कोर्ट कशाला, असं एका बाजूचं, आणि देवळाच्या दारात धंदाच नको, असं दुसऱ्या बाजूचं. मला दोन्ही पटलं नाही म्हणून दोन-तीन दिवस बसून वाचलं आणि वकिली करणाऱ्या माझ्या मावसभावालाही विचारलं.

त्याने पहिल्यांदा हेच सांगितलं की कोर्टापुढे देव नसतोच गं, फेरी असते. संविधानाच्या २५व्या कलमात धर्म पाळायचं स्वातंत्र्य आहे, पण त्याच कलमात पुढे लिहिलंय की धर्माशी जोडलेल्या आर्थिक किंवा इतर ऐहिक व्यवहारांवर सरकार नियम लावू शकतं. १९५४च्या शिरूर मठाच्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की धर्माचा गाभा कोणता ते त्या धर्माच्या शिकवणीवरून ठरवायचं, म्हणजे पूजा, नैवेद्य, कधी कुठला विधी करायचा हे देवस्थानाने ठरवायचं. पण खेळण्यांचं दुकान आणि आकाशपाळणा त्या गाभ्यात बसवणं कठीण. आणि बाजार व जत्रा-मेळे हा विषय संविधानात राज्यांच्या यादीत स्वतंत्रच लिहिलेला आहे. म्हणून पालखीला कोणी अडवलं नाही आणि दुकानांना अडवलं.

वास्कोच्या सप्ताहाचं बघा ना, दामोदराच्या देवळात अखंड भजन २४ तासांचं आणि फेरी मात्र पुढे कितीतरी दिवस चालते. कायद्याने ह्या दोन गोष्टी वेगळ्या हे डोक्याला पटतं, पण मनाला अजून पटत नाही, कारण आम्हा गावच्या लोकांना जत्रा म्हटलं की ओटी आणि खाजं एकाच पिशवीतून घरी येतं.

आणि खरा वाद कोणाचा हे तर आणखी दुखतं. बाहेरचं कोणी नव्हतंच त्यात, आपलेच लोक. आपल्याकडे देवस्थानं अजून पोर्तुगीजांच्या वेळच्या १९३३च्या नियमांवर चालतात, महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांची, नोंद असते, कमिटी असते आणि देवस्थानांवर देखरेख मामलेदाराची. पण फेरी भरते ती जमीन थोडी देवस्थानाची, थोडी कोमुनिदादची, म्हणजे गावच्या जुन्या सामायिक जमिनीच्या संस्थेची, आणि रस्ता पुन्हा वेगळ्याच खात्याचा. मग जागांची पावणी, म्हणजे लिलाव, कोणी करायची, सोपो कोणी घ्यायचा, पैसे कोणाच्या खात्यात जमा करायचे, ह्यावरून महाजन आणि बाकीचे ग्रामस्थ यांच्यात तेढ, कमिटीतही दोन गट, पंचायत आपलं वेगळंच म्हणणार. जागेच्या पैशाचं भांडण अर्जात मात्र परंपरेचं भांडण होऊन उतरतं. परंपरा शब्द इतका स्वस्त करू नये असं मला मनापासून वाटतं.

नियमच नकोत असं मी अजिबात म्हणत नाही. ३ मे २०२५ला पहाटे शिरगावच्या लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, लोकांचे जीव गेले. त्या दिवसापासून मी गर्दीत शिरले की आधी बाहेर पडायची वाट बघते. आमच्या देवळाकडे येणारा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंनी दुकानं लागली की मधून अग्निशमनाची गाडी जाणार नाही, हे मीच दर वर्षी घरी बोलते. तेव्हा दुकानं एका बाजूला घ्या, पाळणा शाळेच्या मैदानात न्या, रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद म्हणजे बंद (सरकारने वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट द्यायची सोय आहे, त्यात आपला दिवस आहे का ते आधी बघा). ह्यातलं एकही काम आदल्या संध्याकाळी होणारं नाही.

आणि जत्रा काही अचानक येत नाही हो! तिथीने येते म्हणून तारीख बदलते, हे खरंय, पण पंचांग हातात पडलं की तारीख कळतेच. तरी अर्ज जातो पंधरा दिवस आधी, कधी आठच दिवस, मग हरकत घेणारा शेवटच्या आठवड्यात कोर्टात जातो, कोर्टाला नीट ऐकायला वेळ कुठून मिळणार, ते आहे तसं ठेवा म्हणून सांगतं, आणि त्या दिवशी ज्याचा माल तयार आहे तो बुडतो. भांडणारे दोन्ही गट रात्री घरी जाऊन जेवले. मावशीचं अर्धं खाजं आम्ही शेजारच्या चार घरांनी मिळून घेतलं, बाकीचं तिने रिक्षात घालून परत नेलं, रिक्षाचं भाडं वर.

पुढच्या जत्रेचा अर्ज मी आणि मावसभावाने आताच लिहून काढलाय. सोबत हाताने काढलेला नकाशा आहे, रस्त्याची रुंदी टेपने मोजून टाकलीय, गाडी जायला सोडायची जागा लाल पेनाने दाखवलीय. दोन्ही गटांच्या सह्या हव्यात, एका गटाच्या चार मिळाल्यात, दुसऱ्यांकडे रविवारी जाणार आहे. मागे जुन्या दुकानदारांची यादी जोडलीय, पहिलं नाव मावशीचं, आणि तिच्या त्या फाटक्या पावतीची झेरॉक्स.