रॅपमधला संदेश गेला कुठे?

‘जुन्या हिप हॉपमध्ये समाजाचं दुःख असायचं, आता नुसता पैसा आणि गाड्या. असं का?’ हा प्रश्न सारखा येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: हिप हॉपमधलं रॅप, म्हणजे ठेक्यावर बोलल्यासारखं म्हटलेलं गाणं, त्यात सुरुवातीला संदेश नव्हताच.

11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या. लोक सगळ्यात जास्त नाचतात ते नुसत्या ड्रमच्या तुकड्यावर, हे त्याने हेरलं आणि एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्रांवर, ठेवून तो तुकडा लांबवायला लागला. माइकवर बोलणाऱ्याचं काम नाचणाऱ्यांना चेतवायचं, एवढंच. 1979 चं ‘रॅपर्स डिलाइट’ हे गाजलेलं रॅप गाणंसुद्धा मौजेचंच.

वळण आलं 1982 मध्ये, ‘द मेसेज’ने. गाणं ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्हच्या नावावर असलं तरी ते उभं केलं ड्यूक बूटी आणि मेली मेल यांनी. पार्टीत असलं गाणं कोण ऐकणार, म्हणून गट राजी नव्हता. रेकॉर्ड कंपनीच्या सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी ते लावून धरलं. ठेका संथ, आणि त्यावर फुटक्या काचा, जिन्यात मुतणारी माणसं, पुढच्या खोलीत उंदीर, मागच्या खोलीत झुरळं. शेवटच्या कडव्यातला मुलगा कोठडीत मरतो. उपदेश जवळजवळ नाही, नुसतं दाखवलंय. माझ्या मते पुढच्या सगळ्या रॅपचं बळ यातच आहे.

मग राग का वाढला? 1986 च्या अमेरिकी कायद्यात 5 ग्रॅम क्रॅक (ओढायचं, खड्यांच्या रूपातलं कोकेन) सापडलं तरी किमान 5 वर्षं कैद. कोकेनच्या भुकटीसाठी तीच शिक्षा 500 ग्रॅमला. क्रॅकच्या खटल्यांत तुरुंगात गेले ते मुख्यतः काळे तरुण. 1988 मध्ये पब्लिक एनिमी या रॅप गटाने या काळाला राजकीय भाषेत उत्तर दिलं, तर एनडब्ल्यूए या दुसऱ्या गटाने गल्लीतल्या गुंडाच्या तोंडून. इथेच ऐकणारे चुकतात. कडव्यातला ‘मी’ म्हणजे गायकाचा कबुलीजबाब नव्हे, ते पात्रही असू शकतं. न्यायालयांतही ही गल्लत झाली. गाण्याच्या ओळी पुरावा म्हणून वापरण्यावर कॅलिफोर्नियाने 2022 मध्ये कायद्याने निर्बंध आणले.

संदेश पातळ होण्यामागे कायद्याचाही हात आहे, हे फारसं बोललं जात नाही. पब्लिक एनिमीच्या ‘ब्रिंग द नॉइज’ची सुरुवातच काळ्यांचे नेते माल्कम एक्स यांच्या आवाजाने होते. गाण्यात दुसऱ्यांच्या रेकॉर्डांतून उचललेले असे तुकडे, म्हणजे सॅम्पल, थरावर थर रचलेले असायचे. डिसेंबर 1991 मध्ये सॅम्पलच्या खटल्यात रॅपर बिझ मार्कीविरुद्ध निकाल लागला आणि परवानगीशिवाय सॅम्पल वापरणं धोक्याचं झालं. डझनभर तुकड्यांचे डझनभर मालक, प्रत्येकाला पैसे. तसं गाणं परवडेनासं झालं. 1996 च्या अमेरिकी दूरसंचार कायद्याने रेडिओ स्टेशनं मोजक्या कंपन्यांच्या हाती गेली आणि देशभर तीच ती गाणी फिरायला लागली.

आता स्ट्रीमिंगचं गणित पाहा. स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपवर गाणं 30 सेकंद ऐकलं की एक ‘प्ले’ मोजला जातो. मिनिटाला 90 ठोक्यांच्या लयीत 16 बारचं कडवं (एक बार म्हणजे 4 ठोके), म्हणजे 64 ठोके, सुमारे 43 सेकंद घेतं. आधी 8 बारचा इंट्रो, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, ठेवला तर त्यातच 21 सेकंद गेले. गोष्ट सुरू होईपर्यंत निम्मे श्रोते पुढच्या गाण्यावर जायची भीती. म्हणून हुक, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी लक्षात राहणारी ओळ, आधी येतं, कडवी आखूड होतात आणि हळूहळू उलगडणाऱ्या गोष्टीला जागाच उरत नाही.

तरी संदेश संपला हे मला मान्य नाही. रॅपर केंड्रिक लमारचं 2015 चं ‘ऑलराइट’ पोलिसी अत्याचारांविरुद्धच्या मोर्चांत गायलं गेलं. पन्नाशीकडे झुकलेला रॅपर जे-झी 2017 च्या ‘4:44’ या अल्बममध्ये बायकोची माफी मागतो आणि पुढच्या पिढीसाठी काय मागे ठेवायचं ते बोलतो. रॅपर म्हातारे होतील, असं 1982 मध्ये कुणाच्या गावीही नव्हतं, म्हणून हा विषय नवा.

आपल्याकडचं ऐकायचं असेल तर मुंबईच्या ‘स्वदेसी’ या गटाचं ‘द वारली रिव्होल्ट’ घ्या. विषय जंगल आणि जमीन. रॅपसोबत मुंबईच्या आरे जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज. आधी शब्द वाचू नका. एकदा नुसता ठेका ऐका, दुसऱ्यांदा कोण बोलतंय ते पाहा आणि मगच ओळींचा अर्थ लावा.