'मूळ कथा बदललीत': माझा अनुभव

कुमारवयीन वाचकांसाठी पौराणिक फँटसी लिहिणाऱ्यांना सावध करावं म्हणून हे लिहितेय. लिहिणं, टाइपिंग, चित्रकार शोधणं हे सगळं सुरळीत झालं. घोडं अडलं ते पुण्यातल्या एका प्रकाशकाकडे, परीक्षकांच्या अभिप्रायावर.

माझ्या कादंबरीतली आठवीतली मुलगी वेताळ टेकडीवर वाट चुकते आणि चक्रव्यूहात जाऊन पडते. तिथे तिला अभिमन्यू भेटतो. संहिता दिली आणि दर फोनला एकच उत्तर सुरू झालं, "परीक्षकांकडे आहे, मॅडम." पावसाळा सरला, दिवाळी अंकांची धांदल आली आणि निवली, तरी परीक्षकांकडेच. (संहिता देताना पोच घ्याच. "कधी दिली होतीत?" हेही ऐकावं लागतं.)

शेवटी बाड परत आलं. समासात पेन्सिलीने लिहिलेलं: 'सुभद्रेला डोळा लागतो तो प्रसंग कुठे? मूळ कथा बदलली आहे. पालक आक्षेप घेतील.'

माझं डोकंच सटकलं. गर्भातल्या अभिमन्यूने अर्धवट ऐकलं, ही आपण आजीकडून ऐकलेली गोष्ट. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात शेकडो हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्यात ती नाही. तिथे द्रोणपर्वात अभिमन्यू युधिष्ठिराला स्वतः सांगतो, की व्यूह फोडायला मला वडिलांनी शिकवलंय, पण संकट आलं तर बाहेर पडणं जमणार नाही. त्या पानाची झेरॉक्स घेऊन मी गेले. संपादकांनी चष्मा कपाळावर चढवून ती दोनदा वाचली. "बरोबर आहे हो तुमचं. पण लोकांना माहितीये ती गोष्ट हवी ना!"

म्हणजे टेकडीखाली चक्रव्यूह निघाला तर चालतो. पेंगलेल्या आईवर खापर फुटलं तरी चालतं. बापाने पोराला अर्धीच विद्या दिली, हे मात्र मुलांना सांगायचं नाही. माझी अख्खी कादंबरी त्या अर्ध्या विद्येवर उभी होती, ती काय काढणार?

हां, एक राहिलं. फाइल युनिकोडमध्ये असेल तर प्रकाशकाला श्रीलिपी (छपाईसाठी वापरतात ती जुनी मराठी फाँट-प्रणाली) लागते का, ते आधी विचारा. रूपांतरात माझी जोडाक्षरं फुटली आणि 'चक्रव्यूह' दर पानावर दुरुस्त करावा लागला. आणि व्यासांवर कुणाचा कॉपीराइट नसला, तरी अलीकडच्या लेखकाने रचलेले प्रसंग उचलू नका. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो.

तोडगा निघाला तो टिपणाचा. कुठली गोष्ट द्रोणपर्वातली, कुठली लोकांच्या तोंडची, कुठली माझ्या डोक्यातली, हे मुलांना कळेल अशा भाषेत दोन पानांत लिहून दिलं. परीक्षकांनी आठवड्यात होकार कळवला. तुम्ही हे टिपण संहितेसोबतच जोडा, म्हणजे मधला पावसाळा वाचेल. संपादक ते पुस्तकाच्या शेवटी टाकू म्हणत होते. मी हटून बसले, पहिल्याच पानांवर घ्यायला लावलं.